टोपीपासून सुरुवात : 'फुबू'ची जडणघडण

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील हॉलिस ही वस्ती हिप-हॉप संगीतासाठी प्रसिद्ध आहे. तेथेच वाढलेल्या डेमंड जॉन यांनी मित्रांसह १९९२ मध्ये 'फुबू' ही वस्त्रनाममुद्रा सुरू केली. निमित्त होते शेंड्याला गाठ मारलेल्या लोकरी टोपीचे. दुकानात ती २० डॉलरला मिळे. आईकडून शिवणकाम शिकलेल्या जॉन यांनी शेजाऱ्याच्या मदतीने ऐंशी-नव्वद टोप्या शिवल्या व १० डॉलरला एक याप्रमाणे रस्त्यावर विकल्या. एका दिवसात ८०० डॉलर जमले.

'फुबू' ही 'फॉर अस, बाय अस' या शब्दांची आद्याक्षरे. आपल्या वस्तीचा पोशाख आपणच घडवावा, हा त्यामागील आग्रह.

१९९४ मध्ये लास वेगासच्या वस्त्रप्रदर्शनात ३ लाख डॉलरच्या मागण्या आल्या आणि खरी अडचण तेथेच सुरू झाली. सत्तावीस बँकांनी कर्ज नाकारले, असे जॉन सांगतात. नकार अगदीच अनाकलनीय नव्हता. मागणीपत्र म्हणजे तारण नव्हे. अखेर आईने घर गहाण ठेवून १ लाख डॉलर उभे केले. घराचाच कारखाना झाला. तरीही खेळते भांडवल आटले. मग आईनेच वृत्तपत्रात दिलेल्या जाहिरातीतून सॅमसंगच्या वस्त्रविभागाशी करार जुळला. तोवर जॉन उपाहारगृहात नोकरी करीतच होते.

१९९७ मध्ये क्वीन्सचेच रॅपगायक एलएल कूल जे 'गॅप' या बड्या कंपनीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत झळकले. डोक्यावर टोपी मात्र 'फुबू'ची होती, आणि 'फॉर अस, बाय अस' हे शब्दही त्यांनी रॅपमध्ये गुंफले होते. जाहिरातीचा खर्च अर्थातच 'गॅप'चा.