गावच्या सुताराचे लाकूडकाम

तुमच्या घरात एखादी जुनी लाकडी वस्तू असेल, तर ती नीट न्याहाळून पाहा. तिची उंची, तिची दारे, तिची जाळी अशीच का, याचा विचार केला की वापरणाऱ्यांचे जीवन कळू लागते. फ्रान्सच्या ग्रामीण भागातील अशाच काही वस्तूंची ओळख या पाठात करून घेऊ या.

अठराव्या शतकात पॅरिसचे कारागीर राजवाड्यांसाठी सोनेरी मुलाम्याचे नाजूक सामान घडवत होते. गावच्या सुतारापुढे मात्र निराळेच प्रश्न होते. हाताशी असलेले लाकूड हेच त्याचे भांडवल. नॉर्मंडीत ओक, तर दक्षिणेकडील प्रोव्हान्समध्ये अक्रोड. त्यामुळे प्रत्येक प्रांताचे लाकूडकाम वेगळे झाले.

वायव्येकडील ब्रिटनी हा समुद्राकाठचा, दमट वाऱ्याचा प्रदेश. तेथील शेतकऱ्याचे घर बहुधा एकाच खोलीचे असे. त्याच खोलीत चूल, तेथेच जेवण आणि तेथेच सर्वांची झोप. काही घरांत गुरेही त्याच छपराखाली असत. या अडचणीतून ‘ली-क्लो’ म्हणजे बंदिस्त पलंग जन्माला आला. दिसायला तो मोठ्या कपाटासारखा. आत गवताच्या गादीवर झोपायचे आणि सरकते दार लावून घ्यायचे. थंडी बाहेर राही, अंगाची ऊब आत राही. दारावरच्या कोरीव जाळीतून हवा खेळत असे. पलंगासमोर एक लांब पेटी असे. वर चढण्यासाठी ती पायरी, बसण्यासाठी बाक आणि कपडे ठेवण्यासाठी संदूक! आपल्याला कदाचित हा पलंग कोंदट वाटेल; परंतु एका खोलीच्या घरात थोडा एकांत मिळण्याची ती एकमेव जागा होती.

नॉर्मंडीची ख्याती तेथील विवाहाच्या कपाटासाठी आहे. नववधू आपल्या चादरी आणि कपडे या उंच कपाटातून सासरी नेत असे. त्यावर कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या असत. सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले असल्यामुळे कपाट सुटे करून गाडीवरून नेता येई. कपाटाला फ्रेंच भाषेत ‘आर्म्वार’ म्हणतात. पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला ‘अलमारी’ हा शब्द आणि ‘आर्म्वार’ यांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे.

प्रोव्हान्समध्ये पाव ठेवण्यासाठी ‘पानत्येर’ नावाची छोटी, नक्षीदार पेटी भिंतीवर टांगत. कातीव दांड्यांच्या फटींतून पावाला हवा लागे आणि उंदरांपासून त्याचे रक्षण होई. तिच्या खाली कणीक मळण्याची, आपल्या काथवटीची आठवण करून देणारी लाकडी पेटी ठेवलेली असे.

पुढे कारखान्यांत तयार झालेले स्वस्त सामान खेड्यांत पोहोचले. घरांत स्वतंत्र खोल्या आल्या आणि बंदिस्त पलंगाची गरज उरली नाही. हा ठेवा नाहीसा होत असल्याचे प्रोव्हान्सचे कवी फ्रेडेरिक मिस्त्राल यांनी वेळीच ओळखले. आर्ल शहरात त्यांनी १८९९ मध्ये लोकजीवनाचे संग्रहालय खुले केले. १९०४ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते धन त्यांनी या संग्रहालयाच्या विस्तारासाठी वापरले. तेथे वस्तू सुट्या न मांडता घराचे प्रसंग उभे केलेले होते. हे विशेष महत्त्वाचे. कारण खोलीपासून तोडलेला पलंग आपले प्रयोजन सांगू शकत नाही.

ब्रिटनीतील कित्येक पलंगांची दर्शनी बाजू पुढे पुस्तकांच्या किंवा भांड्यांच्या कपाटांना बसवली गेली. त्यामुळे निदान कोरीवकाम तरी वाचले, हे नाकारता येत नाही. काही घरांत त्या सरकत्या दारांमागे आता दूरचित्रवाणी संच असतो.

पाठगत प्रश्न
१. बंदिस्त पलंगासमोरील पेटीचे तीन उपयोग लिहा.
२. ‘पलंगाचे कपाट करणे योग्य होते का?’ तुमचे मत कारणांसह पाच-सहा वाक्यांत मांडा.