पुढील चाकांचा आवाज व त्याची पारख

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यांत कापूस व तूर बाजारांत नेण्याच्या कामीं बंडीची जागा पिक-अप गाडीनें घेतल्यास बरींच वर्षें झालीं. ज्या गाडीच्या चारी चाकांस इंजिनाचा जोर लावतां येतो, ती आमच्या काळ्या चिकण जमिनींत विशेष उपयोगी पडते. मुंबईस महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यांतील ही रचना होय. परंतु पुढील चाकांस जोर द्यावयाचा म्हणजे पुढें दांडे व सांधे अधिक आले, आणि आवाज उठल्यास तो कोठून येतो हें ठरविणेंहि अवघड झालें.

गेल्या हंगामांत आमच्या घरच्या गाडीस वळणावर ‘कट् कट्’ असा आवाज येऊं लागला. एका मिस्त्रीनें फारशी तपासणी न करितां पुढील दोन्ही चाकांचीं बेअरिंगें बदललीं. ऐन वेचणींत गाडी चार दिवस उभी राहिली, पैसा गेला, आणि आवाज होता तसाच राहिला. आमचा जन्म महसुली कारकुनींत गेलेला; पंचनाम्यावांचून निकाल आम्हांस कसा पटावा? म्हणून चिरंजीवांस चालवावयास बसवून आम्ही स्वतः कान देऊन शेजारीं बसलों.

प्रथम गाडी धुवावी. चाकाच्या आंतील अंगास वाळलेला चिखल बसला तरी गाडी हादरते, व तो दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. नंतर चार चाकांची दांडी पहावी. वळणावर पुढील व मागील चाकें सारखें अंतर तोडीत नाहींत. चिखलांत चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरी सडकेवर तो निघत नाहीं, दांड्यांत ताण सांचतो, गाडी धक्के देते व दांडी अडकते. हा बिघाड नव्हे, चालविणाराची चूक होय. गाडी सरळ थोडी मागें घेऊन दांडी सोडवावी, आणि सडकेवर दोनच चाकांचा जोर ठेवावा.

एवढ्यानें आवाज न थांबल्यास मुख्य परीक्षा करावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढील हबांस हातानें फिरविण्याचें कुलूप असतें. दांडी दोन चाकांवर ठेवून दोन्ही हब मोकळे करावे व त्याच वळणावर गाडी न्यावी. आतां चाकें फिरतात, पण आंतील दांडे, सांधे व पुढील डिफरन्शियल स्वस्थ राहतात. आवाज बंद पडला तर दोष या स्वस्थ राहिलेल्या भागांत. चालूच राहिला तर बेअरिंग, ब्रेक किंवा कमानींत. आमच्या गाडीचा आवाज तत्काळ बंद पडला! उघडून पाहतां उजव्या चाकाजवळील सांध्याचा क्रॉस कोरडा पडला होता, व त्याच्या बारीक सुयांची गंजून तांबडी पूड झाली होती. पावसाळ्यांत नाल्याचें पाणी शिरलें, आणि ग्रीस भरण्याचें आम्हीच विसरलों होतों. बदललेलीं बेअरिंगें निर्दोष होतीं.

बेअरिंगाचा आवाज निराळा असतो. तो ‘घूं’ असा, वेगाबरोबर चढणारा. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकावर पडतो. तेव्हां आवाज वाढल्यास डावें बेअरिंग संशयित समजावें. खड्ड्यांतच ‘धड्’ होत असेल तर कमानीचे बुश, शॅकल व यू-बोल्ट पहावे.

चाक सैल आहे कीं काय हें पाहण्यास मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकवर उचलावें. गाडीखालीं मात्र शिरूं नये. वरखालीं धरून चाक हालवावें. हालत असल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हालणें थांबलें तर बेअरिंग सैल, न थांबलें तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला. डावीउजवीकडे हालल्यास टाय रॉडचीं टोकें पहावीं. यांपैकीं कांहींहि सैल आढळल्यास, बाजाराचा भाव कितीहि चढलेला असो, त्या गाडींत माल भरूं नये.

ज्या गाड्यांत हबाचें कुलूप नाहीं व सांध्यांवर रबराची पिशवी असते, त्यांत ती पिशवी फाटून चाकाच्या आंतील अंगास ग्रीस उडालें आहे काय, एवढें वाकून पाहिलें तरी पुष्कळ समजतें.