शून्याचे सन्मानचिन्ह
(देवी निर्मूलन कार्यातील गौरवपद्धतीचा एक अभ्यास)

शासकीय सेवेतील उल्लेखनीय कामगिरीचा गौरव कोणत्या तत्त्वावर व्हावा, हा प्रश्न प्रत्येक खात्यापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. विज्ञानाशी निगडित खात्यांत तो अधिकच बिकट होतो. कारण तेथील यश बहुधा एका व्यक्तीच्या नावावर मांडता येत नाही. बेळगावशी निकटचा संबंध असलेल्या एका कार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बेळगावची लस

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान बेळगावकरांच्या नित्य परिचयाचे आहे. ज्या संस्थेवरून हे नाव पडले, तिचे कार्य मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मुंबई इलाख्याच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, देवीची लस तयार करण्यासाठी येथे ही संस्था स्थापन झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. तरी संस्थेचे कार्य पुढे चालूच राहिले.

जनावराच्या कातडीवर लस वाढविणे, ती खरवडून घेणे, शुद्ध करणे, तिची शक्ती तपासणे व कुप्या भरणे, असे हे काम होते. त्यात शास्त्रज्ञाइतकीच प्रयोगशाळेतील साहाय्यकाची व जनावरांची निगा राखणाऱ्या सेवकाचीही दक्षता आवश्यक असे. पूर्वीची द्रवरूप लस उन्हाने लवकर निकामी होई. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे गोठवून कोरडी केलेली लस वापरात आली. ही लस ३७ अंश सेल्सिअस तापमानातही सुमारे एक महिना टिकत असे. देशात तिचे उत्पादन बेळगाव, गिंडी, हैदराबाद व पटवडांगर येथील संस्थांत होत होते. खानापूरच्या रानातील वाड्यांपासून निपाणीच्या गजबजलेल्या पेठेपर्यंत ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना अशा टिकाऊ लसीचे मोल निराळे सांगावयास नको.

सुई आणि तिचा मान

लसीला जोड मिळाली ती टोकाशी दोन दाते असलेल्या एका साध्या सुईची. बेंजामिन रुबिन या संशोधकाने ती तयार केली. लसीचा थेंब या दोन दात्यांमध्ये धरला जाई व दंडावर पंधरा वेळा हलकेच टोचले की काम पुरे होई. पूर्वीच्या मानाने चौथ्या हिश्श्याइतकीच लस पुरू लागली आणि थोड्याशा शिक्षणाने कोणासही 'देवी काढणे' जमू लागले.

तरीही १९७४ साली भारतात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. घरोघरी शोध घेऊन, रुग्णाभोवतालच्या सर्वांना लस टोचण्याची मोहीम कर्मचाऱ्यांनी नेटाने चालविली. रुग्णाची वर्दी देणाऱ्यास रोख बक्षीस ठेवण्यात आले. ते वाढत वाढत १००० रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ नंतर देशात एकही रुग्ण आढळला नाही. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सर्व जगासाठी तशी घोषणा केली.

या कार्यात झटलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेतील मोहिमेचे प्रमुख डॉ. डोनाल्ड हेंडरसन यांनी १९७६ साली एक सन्मान सुरू केला. त्याचे चिन्ह सोन्याचे नव्हते. तीच दोन दात्यांची सुई वाकवून शून्याच्या आकाराची केलेली होती. शून्य म्हणजे मोहिमेचे उद्दिष्ट: एकही रुग्ण शिल्लक नसणे. ही चिन्हे हेंडरसन यांच्या कन्येने तयार केली होती.

यातून घ्यावयाचा बोध

रोख बक्षीस आणि सन्मान यांतील भेद येथे स्पष्ट होतो. बक्षिसाने वर्दी मिळाली. सन्मानाने श्रमांची ओळख पटली. चिन्ह रोजच्या हत्यारातून घडविलेले असल्यामुळे ते कशासाठी दिले, हे सांगावे लागत नव्हते.

आपल्या देशातही या विचाराला स्थान मिळाले आहे. १९५७ साली स्थापन झालेला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व्यक्तीच्या संशोधनासाठी असे. २०२४ साली प्रथम प्रदान झालेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत मात्र समूहासाठी 'विज्ञान टीम' हा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला व त्याचा पहिला मान चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला.

तथापि समूहाचा गौरव करतानाही कोणी तरी वगळले जाण्याचा धोका राहतोच. ज्याच्या हातून अहवाल लिहिला जातो, त्याचे नाव वर जाते. ज्याच्या हातून कुपी भरली जाते, त्याचे नाव नोंदवहीतच राहते. म्हणून शिफारस करणाऱ्या कार्यालयप्रमुखांनी पुढील प्रश्नांचा अवश्य विचार करावा:

१) हे काम कोणकोणत्या हातांतून गेले? त्यांतील कोणता हात चुकला असता तर सारे काम फसले असते?
२) त्या कर्मचाऱ्याचे नाव व काम नोंदीत आहे काय?
३) शिफारस केवळ हुद्द्यावरून झाली आहे, की साध्य झालेल्या कार्यावरून?

व्हॅक्सिन डेपोचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. तेथे राबलेल्यांची नावे राहिली नाहीत. त्यांच्या श्रमांचे फळ मात्र आज प्रत्येक घरात आहे: देवीचे व्रण नसलेल्या मुलांचे चेहरे. पुढील पिढीतील कर्मचाऱ्यांची नावे अशीच हरवू नयेत, यासाठी शिफारसपत्र लिहिताना थोडा अधिक वेळ देणे, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य होय.