तेरा डेसिबल

वायरलेस आणि ऑप्टिकल कम्युनिकेशनचा एम.टेक.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि दोन माध्यमांचा असतो: हवा आणि काच. मोबाइलवर येणारा डेटा बहुतेक वाट फायबरमधून कापतो. टॉवरपासून हातातल्या फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतून होतो. म्हणून हे विषय एकत्र शिकवले जातात. पण दोहोंच्या मोजमापाच्या सवयी वेगळ्या आहेत, आणि विद्यार्थी अडखळतो तो नेमका या सांध्यावर. प्रस्तुत लेखिकेचे तिसऱ्या सेमिस्टरमधले सहा आठवडे तिथेच गेले.

प्रवेश मुख्यतः ‘गेट’च्या गुणांवर होतो आणि हे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. तेव्हा मिळेल ती जागा घाईने घेण्याऐवजी आधी तयारी पक्की करणे केव्हाही चांगले. तयारी म्हणजे प्रोबॅबिलिटी, रँडम प्रोसेस आणि लिनिअर अल्जिब्रा. फेडिंग, नॉइज, अनेक अँटेनांची प्रणाली, सगळे याच तिघांवर उभे आहे. बी.ई.ला ऑप्शनला टाकलेले धडे इथे पहिल्याच महिन्यात परत समोर येतात. संस्था निवडताना प्रयोगशाळेत कोणती उपकरणे आहेत हे सगळेच विचारतात. त्यांना विद्यार्थ्यांचा हात लागतो का, हेही विचारावे. कुलूपबंद कपाटातल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा कुणाला उपयोग नाही.

या क्षेत्राची बोलीभाषा डेसिबल आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमधील हार्लो येथे काम करताना मांडले की, काचेतला ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणता आला, तर प्रकाशाने संदेश पाठवणे व्यवहारात शक्य होईल. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरणे. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला हा ऱ्हास सुमारे ०.२ डेसिबल असतो. म्हणजे किलोमीटरभर गेल्यावरही ९५ टक्के प्रकाश शिल्लक. हे रूपांतर तोंडी यायला हवे. ३ डेसिबलला निम्मे, १० ला दहावा भाग, ० डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट.

आता सांध्याची गोष्ट. लेखिकेचा प्रकल्प २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ सिग्नल लेसरवर चढवून २० किलोमीटर फायबरमधून नेण्याचा आणि पलीकडे फोटोडायोडने उतरवून अँटेनाला देण्याचा होता. हिशेब सरळ वाटला: फायबरचे ४ डेसिबल, जोडांचा एक, एकूण पाच. एक छोटी पॅचकॉर्ड लावून घेतलेल्या मोजणीपेक्षा रेडिओ सिग्नल पाच डेसिबलने घटायला हवा होता. घटला अठराने. मधले तेरा डेसिबल कुठे गेले, ते सापडेना. अ‍ॅम्प्लिफायर बदलला, केबल बदलल्या, लेसरचा करंट वरखाली करून पाहिला. हिशेब बरोबर आहे, तेव्हा यंत्रच बिघडलेले असणार, असे धरून आठवडे गेले.

तेरापैकी पाच यंत्रात नव्हतेच. ते वहीत होते. फोटोडायोडमधला करंट प्रकाशाच्या पॉवरच्या प्रमाणात असतो आणि विद्युत पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे प्रकाशातला एक डेसिबल रेडिओच्या बाजूला दोन होऊन उतरतो. पाच मुळातच दहा धरायला हवे होते. ऑप्टिकलचा पेपर आणि वायरलेसचा पेपर दोन्ही चांगल्या गुणांनी सुटले होते, पण हा दुप्पट दोन्ही पेपरांच्या मधल्या फटीत राहून गेला.

उरले आठ. फायबरच्या रिळाला हिरवा कनेक्टर होता आणि पॅचकॉर्डला निळा. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, खटकन आवाजही येतो, पण आत हवेची फट राहते आणि टोकांना इजा होऊ शकते. पॉवर मीटर लावला तेव्हा तिथे चार डेसिबल जास्तीचे जात होते. दुप्पट केल्यावर आठ. मीटर शेजारच्याच टेबलावर होता. पहिल्या दिवशी प्रत्येक जोडावर लावला असता, तर तासाभराचे काम होते. एक टप्पा जोडावा, मोजावा, मगच पुढचा जोडावा. जोडण्यापूर्वी टोक पुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कारण गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि धुळीचा एक कण त्याला झाकू शकतो. मीटरवर तरंगलांबी योग्य निवडली आहे ना, तेही पाहावे.

सिम्युलेशनमध्ये वेगळा धोका असतो. एक लाख बिट पाठवले, एकही चुकला नाही, म्हणून आलेखात एरर रेट शून्य लिहिला जातो. यातून ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, चुकांचे प्रमाण लाखात तीनपेक्षा कमी आहे. दहा लाखांत एक चूक असा दावा करायचा तर निदान तीस लाख बिट निर्दोष जायला हवेत. आलेखावर बिंदू मांडायचा तर शंभर चुका मोजून होईपर्यंत थांबावे. तेव्हा अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपास येते. दहा लाखांत एक चूक असेल तर त्यासाठी दहा कोटी बिट लागतात आणि संगणक रात्रभर चालू शकतो. प्रबंधाच्या वेळापत्रकात या रात्री आधीच धराव्यात, नाहीतर त्या सबमिशनच्या आठवड्यात येतात.

डोळ्यांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, म्हणून फायबरच्या टोकात डोकावण्याचा मोह होतो. फोनच्या कॅमेऱ्यातून बघणेही व्यर्थ आहे: त्यातला सिलिकॉनचा सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो, आणि पडद्यावर काही न दिसणे म्हणजे लेसर बंद असणे नव्हे. टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याआधी लेसर बंद करून मीटरने खात्री करावी.