गुलाब वादळ आणि हवामानाचा अंदाज
(इयत्ता ४ थी)

गुलाब म्हटले की तुम्हाला फूल आठवत असेल. आमच्या घरी मात्र सोयाबीन आठवते. त्याचे कारण सांगतो.

२०२१ साली सप्टेंबर महिन्यात बंगालच्या उपसागरात एक चक्रीवादळ झाले. त्याचे नाव गुलाब. हे नाव पाकिस्तान देशाने सुचवलेले होते. आपल्याकडच्या समुद्रातील वादळांची नावे १३ देश मिळून देतात. २६ सप्टेंबरला ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. तिथून आपले रिठद सातशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे.

मी तेव्हा पहिलीत होतो. कोरोनामुळे शाळा बंद होती, म्हणून मी वावरातच होतो. सोयाबीनची सोंगणी चालू होती. बातम्यांत सांगितले की विदर्भात जोराचा पाऊस येऊ शकतो. बाबा म्हणाले, सोंगणी थांबवू अन् सुडी लावू. आबा म्हणाले, "समुद्र कुठी अन् आपलं वावर कुठी! मांगच्या खेपेलेबी असंच सांगतलं, एक थेंब नाही पडला." दोघांचे खूप वेळ चालले. शेवटी अर्ध्या सोयाबीनची सुडी लागली. ताडपत्रीही एकच होती. बाकीचे तसेच पसरलेले राहिले.

२७ आणि २८ तारखेला पाऊसच पाऊस. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात तर एस.टी. बस नाल्याच्या पुरात वाहून गेली. आमच्या सुडीतले सोयाबीन वाचले. पसरलेल्या शेंगांना कोंब फुटले. आई ते उचलताना काहीच बोलत नव्हती.

आता मी चौथीत आहे. मी गुरुजींना विचारले, की हवामान खात्याला पाऊस कळतो, तर मग मागच्या खेपेला तो का नाही आला? गुरुजींनी एका मुलाचा भोवरा घेतला आणि वर्गात फरशीवर फिरवला. म्हणाले, हा आता कुठे जाईल ते खडूने दाखवा. पुढची एक वीत सगळ्यांनी बरोबर दाखवली. पण भिंतीपर्यंत कुठे जाईल, ते दहा जणांनी दहा ठिकाणी दाखवले. सगळ्या रेघा मिळून नरसाळ्यासारखा आकार झाला. गुरुजी म्हणाले, वादळाच्या नकाशावरसुद्धा असाच आकार काढतात. पहिल्या दिवशी तो अरुंद असतो आणि पुढच्या दिवसांना रुंद होत जातो. वादळ त्यात कुठूनही जाऊ शकते.

वादळ पण भोवऱ्यासारखेच गरगर फिरते. समुद्राचे पाणी तापले की वाफ वर जाते आणि तिथे हवेचा दाब कमी होतो. मग चहूबाजूंनी वारा धावत येतो. याला कमी दाबाचे क्षेत्र म्हणतात. सगळ्याच कमी दाबांचे वादळ होत नाही. कितीतरी समुद्रातच विरून जातात. म्हणून सुरुवातीला हवामान खाते फक्त शक्यता सांगते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला, की मग त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळते. प्रशांत महासागराच्या वायव्य भागात अशाच मोठ्या वादळाला टायफून म्हणतात. उपग्रह वरून ढगांचे फोटो काढतो. पण भर समुद्रात आपल्या गावासारखी पर्जन्यमापके थोडीच आहेत!

जमिनीवर आल्यावर वादळाला वाफ मिळत नाही, म्हणून वारा मरतो. पण ढगात पाणी असतेच. आबांचे इथेच चुकले. आपल्याकडे वारा नाही आला, पाणी आले. आणि एक गंमत ऐका. तेच गुलाब विदर्भ, मराठवाडा, गुजरात करत अरबी समुद्रात उतरले. तिथे त्याला पुन्हा वाफ मिळाली व त्याचे नवीन वादळ झाले. त्याचे नाव शाहीन. ते ३ ऑक्टोबरला ओमान देशात जाऊन धडकले. म्हणजे आपल्या वावरावरून गेलेले ढग परदेशात गेले!

अंदाज ऐकताना शब्द नीट ऐकावे लागतात. तुरळक ठिकाणी म्हणजे शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी. बहुतांश ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपेक्षा जास्त. तुरळक असेल तर रिठदला कोरडे आणि रिसोडला पाऊस, असे होऊ शकते. आणि जोरदार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त. रंगही असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कामाला लागा.

आम्ही वर्गात बाटली कापून पर्जन्यमापक केले आहे. फळ्यावर दोन रकाने आहेत, एकात अंदाज आणि एकात खरा पाऊस. काही दिवस जुळतात, काही दिवस नाही. जुळले नाही की मागची मुले हसतात. पण मोठ्या पावसाचा इशारा असला की मी घरी सांगतोच.

बाबांनी आता दुसरी ताडपत्री आणली आहे. आबा अजून आभाळाकडे पाहूनच सांगतात. पण सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी मला हाक मारतात आणि विचारतात, "काय रे बापू, तुरळक हाय का बहुतांश?"