गुठळी विरघळविल्यानंतर रक्तातील विकरांचे चढउतार

देहूरोडच्या आयुध निर्माणीत किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत काम करणारा रुग्ण हृद्विकाराच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी परतला, की तपासणीचे कागद घेऊन पुष्कळदा आपल्याच दवाखान्यात येतो. त्या कागदांवरील विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, आकडे कसे वाचावेत याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हृत्स्नायूच्या पेशी मृत झाल्या की त्यांतील विकरे रक्तात उतरतात. सीपीके-एमबी ४ ते ६ तासांत वाढू लागते, सुमारे २४ तासांनी उच्चांक गाठते व २ ते ३ दिवसांत पूर्ववत होते. एसजीओटी ८ ते १२ तासांनी वाढून ३ ते ४ दिवसांत उतरते. ट्रोपोनिन हे विकर नसून प्रथिन आहे. ते आठवडाभर वा अधिक काळ वाढलेले राहते.

स्ट्रेप्टोकायनेजचा १५ लक्ष युनिटांचा डोस शिरेवाटे दिला जातो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात, हे औषध ॲस्पिरिनसह दिल्याने पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिनीजन्य मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळून रक्तप्रवाह सुरू होताच साचलेली विकरे एकदम धुऊन बाहेर येतात. त्यामुळे सीपीके-एमबीचा उच्चांक २४ तासांऐवजी सुमारे १२ तासांतच दिसतो. ही लवकर आलेली वाढ उपचाराने झालेला अपाय नव्हे. ईसीजीतील एसटी खंड निम्म्याहून खाली आला व वेदना शमली असल्यास ती रोहिणी उघडल्याचीच खूण ठरते. मात्र उतरलेले सीपीके-एमबी पुन्हा चढल्यास दुसऱ्या झटक्याची शंका घेऊन रुग्णास तत्काळ इस्पितळात पाठवावे.

वैद्यबांधवांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, केवळ वाढलेल्या एसजीओटीवरून यकृतविकार ठरवून यकृतौषधी सुरू करू नयेत. दोन, छातीत दुखणाऱ्या रुग्णास स्नायूत इंजेक्शन देऊ नये. त्याने सीपीके वाढते आणि पुढे गुठळी विरघळविताना तेथे रक्तस्राव होऊ शकतो. तीन, पहिल्या दोन-तीन तासांतील प्राकृत अहवालावर विसंबून थांबू नये. औषधालयचालकांनीही अशा रुग्णास पाचक चूर्ण देऊन परत न धाडता जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या इस्पितळात त्वरित पाठवावे.

आयुर्वेदात निदान व चिकित्सा करताना कालाचा विचार अनिवार्य मानला आहे. विकरांचा अहवालही वेदना केव्हा सुरू झाली, औषध केव्हा दिले व रक्त केव्हा घेतले, या तीन वेळा विचारूनच वाचावा.