इंजिनाचे आरोग्य आणि ऑइल फिल्टरची निवड

संत गजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावला वर्षभर भाविकांची रीघ असते. रेल्वेप्रमाणेच मोटारगाड्यांनी येणारेही पुष्कळ असतात. बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो व काळ्या मातीच्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठतात. अशा परिस्थितीत रुग्णवाहिका, शासकीय जीप वा खाजगी मोटार यांचे इंजिन टिकविण्यात ऑइल फिल्टर या लहानशा भागाचा वाटा मोठा आहे.

इंजिनातील तेल फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते. परंतु धातूची झीज, काजळी व हवेतून शिरलेली धूळ त्यात मिसळत राहते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो; बेअरिंगला अपाय करणारे कण 5 ते 20 मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. हे कण अडविण्यासाठी 1923 साली अमेरिकेत स्वीटलँड व ग्रीनहाल्घ यांनी मोटारीची तेलगाळणी सिद्ध केली.

फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेला कागद किंवा कृत्रिम तंतूंचा थर असतो. तो तुंबल्यास तेलाचा पुरवठा थांबू नये म्हणून त्यात बायपास झडप असते. ती उघडली की न गाळलेले तेलच इंजिनात फिरते. गाडी पूर्ववत चालत असल्याने चालकास याची कल्पना येत नाही. झीज मात्र सुरू होते. इंजिन बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून अनेक फिल्टरांत रबरी झडपही असते.

म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. आटे जुळतात एवढ्यावरून फिल्टर योग्य ठरत नाही. बायपास झडपेचा दाब इंजिनागणिक वेगळा असतो. यास्तव गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांकच प्रमाण मानावा. केवळ 'इतके मायक्रॉन' हा दावा अपुरा होय. त्या आकाराचे शेकडा किती कण अडतात, हेही विचारावे. नकली माल टाळण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावी.

फिल्टर तेलासोबतच, पुस्तिकेतील मुदतीनुसार बदलावा; धुळीच्या भागात ही मुदत कमी धरावी. जुने रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही याची खात्री करावी, नव्या कड्यास तेल लावावे व गळती तपासावी. एअर फिल्टर नादुरुस्त असल्यास उत्तम ऑइल फिल्टरही पुरा पडत नाही. काढलेले तेल नाल्यात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे.

सार्वजनिक वाहनांसाठी दरपत्रके मागविताना सर्वांत कमी दराबरोबरच योग्य क्रमांकाची अटही घालावी व बदलाची तारीख आणि किलोमीटर नोंदवहीत लिहावेत. ऐन रात्री रुग्णाला घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडू नये, यासाठी एवढी दक्षता आवश्यक आहे.